नऊ, नऊ, नऊ, नऊ

आमच्या घरात भिंतींना कान होते, सासऱ्यांना नव्हते. म्हणजे दिसायला होते, चांगले सुपासारखे होते. पण उभा जन्म पिठाच्या गिरणीत, पट्ट्याच्या फटफटाटाशेजारी काढल्यामुळे त्यांतून आत काही जात नव्हतं. गिरणी घराच्या तळमजल्यावर आणि आम्ही वर. ती सुरू झाली की फडताळातल्या वाट्या आपोआप नाचायला लागायच्या. अशा आवाजात माणसाचे कान टिकले असते तरच नवल.

घराला याची इतकी सवय झाली होती की सगळ्यांचं त्यावर बरं चाललं होतं. सासूबाई त्यांच्या पुढ्यात बसून त्यांच्याविषयी वाट्टेल ते बोलत. "बघा कसे बसलेत, मेलं इकडची काडी तिकडे करायला नको," असं त्या चेहऱ्यावर प्रेमळ हसू ठेवून म्हणायच्या आणि सासरे मान डोलवायचे. मीही काही कमी नव्हतो. मी घरजावई. जावई म्हणजे दहावा ग्रह असं म्हणतात, पण घरजावयाला ग्रहाचा मान नसतो. त्याला भाजी आणायला पाठवतात. तेव्हा मीही त्यांच्या हातात चहाचा कप देताना दोन-चार शब्द मोकळे सोडत असे. संसाराची वाफ जायला एक भोक लागतं, ते आमच्याकडे आयतं होतं.

एकच माणूस हे असलं करत नसे, ती म्हणजे माझी बायको. तिला वडिलांशी खरोखर बोलायचं होतं, आणि म्हणूनच तिचं बोलणं होत नव्हतं.

तिला गिरणी हवी होती. नोकरी विम्याच्या कचेरीत, पण जीव तळमजल्यावर. लहानपणी म्हणे ती पीठ चिमटीत धरून दगड तापलाय की नाही ते सांगायची आणि सासरे गिऱ्हाइकांना कौतुकानं ते दाखवायचे. आता सासऱ्यांचे गुडघे गेले होते, पोतं उचलताना तोंडातून आवाज निघायचा, जो त्यांना स्वतःला ऐकू यायचा नाही. पुढे काय, हा प्रश्न घरात फिरत होता. नातेवाइकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं की गिरणी जावई घेणार. मी! पिठाच्या नुसत्या वासानं ज्याला शिंका येतात तो!

बायकोनं वडिलांना विचारलं नव्हतं असं नाही. अनेकदा विचारलं.

"बाबा, गिरणी मी चालवू का?"

"काय?"

"गिरणी. मी. चालवू का?"

"काय म्हणालीस?"

"काही नाही."

बहिऱ्या माणसाला जन्मभर सगळ्यात जास्त ऐकवलं जाणारं वाक्य कुठलं असेल, तर 'काही नाही'. बोलणाऱ्याचा दोष नाही. मनातली गोष्ट एकदा सांगायला धीर लागतो, दुसऱ्यांदा सांगायला जोर लागतो, आणि तिसऱ्यांदा ती ओरडून सांगितली की ती मनातली राहत नाही. बायको 'काही नाही' म्हणायची आणि जिना चढून वर यायची.

तशात कचेरीनं तिला बढती दिली, पण दूरच्या गावी. सोमवारी होय की नाही ते सांगायचं होतं. गिरणी मिळाली तर नोकरी सोडायची. नाही मिळाली तर घर सोडायचं. तिचा त्यात कोंडमारा होत होता आणि मला माझी काळजी होती. घरजावयाला घर सोडावं लागलं की तो नुसता जावई उरतो. या वयात मला ते झेपलं नसतं.

"बाबांना ऐकू येईल असं काहीतरी कर," ती म्हणाली. "एवढा यंत्रातला ना तू?"

बाजारातलं यंत्र आम्ही एकदा आणून झालं होतं. कानात बसणारं, चिंचोक्याएवढं. सासरे गिरणीत वाकले आणि ते सुटून धान्यात पडलं. दगड फिरतच होते. ते कोणाच्या पिठातून कोणाच्या घरी गेलं आणि तिथल्यांना आमच्या घरचं काय काय ऐकू आलं, देव जाणे. तेव्हापासून सासऱ्यांनी कानाला खडा लावला होता. "जी वस्तू शोधायला चष्मा लागतो, ती मी वापरणार नाही," असं त्यांनी जाहीर केलं होतं.

तेव्हा मोठी वस्तू करणं भाग होतं. आणि मोठ्या, ओबडधोबड, कामचलाऊ वस्तू करण्यात आमच्या कंपनीचा हात धरणारं कोणी नव्हतं.

मी नोकरी करतो ती जागा म्हणजे नव्या यंत्रांची चाचणी घेणारा विभाग. एखादं सर्किट नवीन बनत असतं, तेव्हा त्यात कुठला भाग किती मापाचा हवा ते आधी नक्की माहीत नसतं. मग त्या भागाच्या जागी आम्ही एक पेटी जोडतो. पेटीवर चार खुंट्या. प्रत्येक खुंटी शून्यापासून नऊपर्यंत फिरते. शाळेतले हजार, शतक, दशक, एकक. खुंट्या फिरवाल तेवढा रेझिस्टन्स, म्हणजे विजेची तेवढी अडवणूक, पेटी आपल्या पोटातून काढून देते. फिरवत राहायचं, यंत्र नीट चालायला लागलं की आकडा वाचायचा, पेटी काढायची आणि त्याच मापाचा दोन पैशांचा रेझिस्टर तिथे कायमचा डाख देऊन बसवायचा. पेटी परत कपाटात. नियम साधा आहे. पाहुण्यानं काम झालं की उठावं.

आमच्याकडे हा नियम कोणी पाळत नाही. "राहू दे पेटी," आमचे साहेब म्हणतात, "उद्या विचार बदलला तर?" साहेबांचा विचार अजून व्हायचा असल्यामुळे तो बदलत नाही, आणि पेट्या लोंबकळत राहतात. आमच्या कंपनीत निर्णय सोडून सगळं तयार असतं. त्यामुळे कपाटातून एक पेटी घरी नेणं अवघड नव्हतं. स्टोअरवाला तेवढं म्हणाला, "परत आण. साहेब परत आले नाहीत तरी चालेल, पेटी आली पाहिजे."

दोन-तीन संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर पसारा मांडून मी यंत्र केलं. एक पत्र्याचं खोकं, वर मायक्रोफोन, आत बॅटरी, डोक्यावर घालायचे दोन्ही कान झाकणारे जाडजूड हेडफोन. आणि बाजूला, आवाज किती वाढवायचा ते ठरवणाऱ्या जागी, ती चार खुंट्यांची पेटी. सगळं एका कापडी पिशवीत घालून गळ्यात अडकवायचं. पिशवीला खिडकी कापली होती, त्यातून खुंट्या बाहेर.

"आवाज मोठा कसा करायचा?" बायकोनं विचारलं.

"पेटी म्हणजे अडवणूक," मी सांगितलं. "आकडा जितका मोठा, तितकी अडवणूक जास्त आणि आवाज बारीक. सगळीकडे शून्य म्हणजे सगळ्यात मोठा. नऊ, नऊ, नऊ, नऊ म्हणजे कान बंद."

सासूबाईंनाही सांगितलं. त्यांनी दोनदा समजून घेतलं. नऊ कुठल्या बाजूला ते खास विचारून घेतलं.

सासऱ्यांना मी एवढंच सांगितलं, तेही ओरडून: "हात लावायचा नाही!"

त्यांना हेडफोन चढवले आणि मी खुंट्या फिरवायला लागलो. सासरे खुर्चीत ताठ, केस कापून घ्यायला बसल्यासारखे. अडवणूक कमी करत आणली. आधी त्यांना पंखा ऐकू आला. त्यांनी मान वर करून त्याच्याकडे असं बघितलं, की हा केव्हापासून बोलतो? मग चमचा पडला तो ऐकू आला. दोन, सात, चार, शून्य या आकड्याला मी थांबलो. नेमक्या त्याच वेळी सासूबाई स्वयंपाकघरातून, नेहमीच्या सवयीनं, नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "आता हे खूळ किती दिवस टिकतंय बघू."

"बघ की," सासरे म्हणाले.

स्वयंपाकघरात काहीतरी सांडलं.

पुढचे दिवस घरात जी सभ्यता नांदली तिला तोड नव्हती. मी चहा देताना "चहा घ्या, बाबा" म्हणू लागलो आणि तेवढंच म्हणू लागलो. सासूबाईंना पुटपुटायला गच्चीवर जावं लागे. येताना त्यांचे गुडघे दुखत, म्हणून त्या चिडत, आणि चिडल्यामुळे पुन्हा जावं लागे. सासरे मात्र पिशवी गळ्यात अडकवून, डोक्यावर ते भलेमोठे हेडफोन चढवून खुर्चीत बसून राहत, ऐकायला सज्ज. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्यांनी मला हळूच विचारलं, "तुम्ही सगळे नेहमी एवढंच बोलता?"

मला वाईट वाटलं, ते खरं. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की आपल्याला ऐकू येत नाही तिथे केवढी मेजवानी चालू आहे.

गिरणी चालू असताना यंत्र लावायचं नाही, एवढा नियम त्यांनी पाळला. पण खरा नियम मी पाळला नाही. आकडा सापडला होता, त्या मापाचा रेझिस्टर आणून शर्टाच्या खिशात ठेवला होता. पेटी काढून तो बसवला असता तर पुढचं रामायण झालंच नसतं. पण रोज कंपनीत बसून माणसाला कंपनीची हवा लागते. म्हटलं, राहू दे पेटी.

शनिवारी सकाळी बायको वडिलांना म्हणाली, "बाबा, दुपारी गिरणी बंद झाली की खाली येते. बोलायचंय."

सासऱ्यांनी ते नीट ऐकलं. त्यांचा चेहरा बदलला. त्या दिवशी त्यांनी गिरणी लवकर बंद केली. मी खाली गेलो तर ते वजनकाट्याजवळचं स्टूल फडक्यानं पुसत होते. पुसून झालं की फुंकर घालायचे, फुंकरीनं बाकीचं पीठ त्यावर बसायचं, की पुन्हा पुसायचे. यंत्र बिघडलंच तर असावा म्हणून बायकोनं मला दारात उभं केलं होतं. ती येऊन स्टुलावर बसली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, जे ती एरवी करत नाही. ते समोर पोत्यावर, गळ्यात पिशवी, डोक्यावर हेडफोन.

तिनं तोंड उघडलं. सासऱ्यांनी हात वर केला, थांब म्हणून. मग मान खाली घालून, पिठानं पांढऱ्या झालेल्या बोटांनी, एकेक खुंटी शेवटपर्यंत फिरवली. हजार. शतक. दशक. एकक. प्रत्येक खुंटी पार टोकाला जाऊन थडकेपर्यंत. मग दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून त्यांनी तिच्याकडे अगदी प्रसन्न चेहऱ्यानं पाहिलं.

नऊ, नऊ, नऊ, नऊ.

मी आकडे वाचले. बायकोनंही वाचले. तिचं बोट ओढणीत तसंच राहिलं.

तरीही तिनं विचारलं. याचं मला फार कौतुक वाटतं. आवाज न चढवता, समोर कान बंद करून हसत बसलेल्या बापाला ती म्हणाली, "बाबा, गिरणी मी चालवू का?"

सासऱ्यांनी मान डोलवली. "बरं, बरं," ते म्हणाले. "बघू सावकाश."

ती उठली आणि माझ्या बाजूनं जिना चढून गेली. मीही मागोमाग. जाता जाता एकदा वळून पाहिलं, तर ते पेटीवर टिचक्या मारत होते. मला वाटलं, मजेत आहेत.

वर बायको बोलली ती माझ्याशी नाही, खिडकीशी. "नाही म्हणायचं होतं तर नाही म्हणायचं. समोर बसवून, तोंडावर कान बंद करायचे?" मग माझ्याकडे वळली. "आधी निदान वाटायचं तरी, ऐकू येत नाही म्हणून. तुझ्या यंत्रानं एवढी सोय केली. आता ऐकायचंच नाही, ते डोळ्यांनी बघायला मिळालं."

"आणि मी एवढी वर्षं बोलतेय," सासूबाई म्हणाल्या, "मला कधी नऊ केलं नाही त्यांनी!" यात राग होता की अभिमान होता, ते त्यांचं त्यांनाही ठरवता येईना. शेवटी त्या रडल्या. बायको रडली नाही. तिनं ट्रंक काढली. सोमवारी कचेरीत होय सांगणार, एवढंच म्हणाली.

रविवारी सकाळी मी तिरीमिरीत खाली गेलो. पेटी काढून घ्यायची, रेझिस्टर बसवायचा आणि ठरलेल्या आवाजात जे येईल ते त्यांनी मुकाट ऐकायचं, असं मी ठरवलं होतं. सगळं आयुष्य ऐकून न ऐकल्यासारखं करणाऱ्या माणसाला खुंट्या देणारा मी कोण मूर्ख, असंही स्वतःला म्हणत होतो.

सासरे गिरणीचा दगड उतरवून त्याला टाकी लावत बसले होते. छिन्नीचे घाव एका लयीत पडत होते. पिशवी वजनकाट्यावर ठेवलेली. मी तिच्यातली पेटी काढून खुंट्या पुन्हा दोन, सात, चार, शून्यावर आणल्या आणि हेडफोन त्यांच्या डोक्यावर जवळजवळ आपटले.

"काल हे काय केलंत?"

"हां, बरं आलात," ते म्हणाले. "मी तुम्हाला बोलावणारच होतो. तुमची पेटी ऐनवेळी मेली."

"मेली?"

"मेलीच म्हणायची. पोरगी बोलायला बसली. म्हटलं, हिचं पहिल्या फटक्यात ऐकू आलं पाहिजे. सगळे आकडे वर नेले. एका आकड्याचाही कंजूषपणा केला नाही. आणि एक शब्द आला असेल तर शपथ! नुसते ओठ हलताना दिसले."

माझ्या हातात पेटी होती. मी ती खाली ठेवली.

"मग परत विचारायचं ना, काय म्हणालीस म्हणून!"

त्यांनी छिन्नी बाजूला ठेवली. "जावईबापू, मी 'काय' म्हटलं की लोक 'काही नाही' म्हणतात. तिच्याकडून किती वेळा काही नाही म्हणवून घ्यायचं? म्हणून बरं म्हणून टाकलं. म्हटलं, माझी पोर काही वाईट मागायची नाही."

मग मी त्यांना समजावून सांगितलं, की आकडा वाढला की अडवणूक वाढते, आणि अडवणूक वाढली की आवाज कमी होतो. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि वजनकाट्याकडे बोट दाखवलं.

"याच्यावर आकडा वाढला की काय होतं?"

"वजन वाढतं."

"आणि तुमच्याकडे आकडा वाढला की?"

"अडवणूक."

"तरीच," सासरे म्हणाले. "तरीच तुमच्या कंपनीतून काही तयार होऊन बाहेर पडत नाही."

"मी तुम्हाला सांगितलं होतं, हात लावू नका."

"सांगितलं होतंत. का लावू नये, ते नव्हतं सांगितलंत."

शिकलेल्या माणसाला आपलं शहाणपण इतकं उघड दिसतं की ते दुसऱ्याला सांगावं लागतं हेच त्याला सुचत नाही. मी वर गेलो.

बायको ट्रंकेत साड्या लावत होती. मी सगळं सांगितलं. तिचा विश्वास बसेना.

"आता तूही त्यांची बाजू घे. नऊ म्हणजे बंद, हे तूच सांगितलंस ना?"

"तुला सांगितलं. त्यांना कुठे सांगितलं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. हातातली साडी तशीच. "म्हणजे चूक तुझी."

"तांत्रिक दृष्टीनं बघितलं तर..."

"तांत्रिक राहू दे," ती म्हणाली, आणि मी 'तर'च्या पुढे जायच्या आत ती जिन्यावर होती. सासूबाई तिच्यामागे, गुडघे विसरून, आणि मी सगळ्यांच्या मागे.

सासरे दगडापाशीच बसले होते, पण पिशवी गळ्यात घालून. बायको स्टुलावर बसली नाही. कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, "बाबा, मला नोकरी सोडायची आहे. गिरणी मला चालवायची आहे. मला द्याल का?"

त्यांना ऐकू आलं. ते आम्हा तिघांनाही दिसलं. गालावरचं पीठ हललं. आणि त्यांचा हात खुंट्यांकडे गेला.

बायको जागच्या जागी ताठ झाली. मीही. नऊ म्हणजे काय ते आता त्यांना माहीत होतं; नुकतंच मीच शिकवलं होतं.

त्यांनी पहिली खुंटी फिरवली. शून्य. दुसरी, शून्य. तिसरी. चौथी आधीच शून्यावर होती, तरी तीही एकदा चाचपून पाहिली. इतका आवाज वाढवला की कोणतंही यंत्र बोंबलणारच. हेडफोनमधून एक कर्णकर्कश शिट्टी सुटली. तुळयांवरची कबुतरं फडफडून उडाली. सासूबाईंनी पदर कानांवर घेतला. सासरे हलले नाहीत.

"पुन्हा म्हण," ते म्हणाले.

मी शिट्टी बंद करायला पुढे झालो. बायकोनं माझा दंड धरला.

"राहू दे," ती म्हणाली. आणि मग शिट्टीच्या वर आवाज चढवून, गिरणी चालू असताना ओरडावं लागतं तसं ओरडून, ती म्हणाली, "गिरणी मला द्या, बाबा!"

त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "शिट्टीनं," ते म्हणाले. कोणी विचारलं नव्हतं. शिट्टीनं डोळ्यांना पाणी येतं असं मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, पण त्याच सकाळी माझ्या विद्येचा निकाल लागला होता, म्हणून गप्प बसलो.

खुंट्या त्यांनीच सावकाश परत फिरवल्या. शिट्टी थांबली.

"हेच मागत होतीस इतके दिवस? मला वाटायचं, यांना देऊन टाका म्हणतेस." 'यांना' म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग गिरणीकडे दयेनं बघितलं.

"तुम्ही आपणहून का नाही विचारलंत?"

ते बराच वेळ दगडावरचे घाव बोटानं चाचपत राहिले. "या आवाजानं माझे कान खाल्ले," ते म्हणाले. "तुझे कसे देऊ त्याला खायला? म्हणून विषयच काढला नाही. पण आता मागितलंस तर एक अट आहे. कान झाकून काम करायचं. उघड्या कानानं एक दिवस जरी दिसलीस तर कुलूप लावीन."

"झाकीन," बायको म्हणाली.

"काय?" सासरे म्हणाले. हे त्यांना चांगलं ऐकू आलं होतं. त्यांना ते पुन्हा हवं होतं, इतकंच.

"झाकीन म्हणाले!"

सोमवारी तिनं कचेरीत नाही सांगितलं. ट्रंक माळ्यावर गेली, मी घरजावई राहिलो. पेटी मात्र आमच्याकडेच आहे. सासऱ्यांनी पिठाची खळ करून खुंट्यांभोवती कागदाचे तुकडे चिकटवलेत आणि त्यावर स्वतःच्या अक्षरात उलटे आकडे लिहिलेत: शून्याच्या जागी नऊ, नऊच्या जागी शून्य. "आता बरोबर आहे," म्हणतात. स्टोअरवाला दर आठवड्याला विचारतो, आणि मी त्याला सांगतो की साहेबांचा विचार चालू आहे. रेझिस्टर माझ्या खिशात आहे. सासूबाईंना गच्चीवर एक खुर्ची नेऊन दिली आहे.

परवा मी गिरणीत डोकावलो. पट्टा फटफटत होता. बायको दोन्ही कानांवर भलीमोठी रबरी झाकणं चढवून, चिमटीत पीठ धरून उभी होती. सासरे पलीकडच्या पोत्यावर, पिशवी भिंतीवरच्या खुंटीला टांगलेली. ते तिला काहीतरी म्हणाले. तिनं एका कानावरचं झाकण उचललं.

"काय?"

ते पुन्हा म्हणाले.

"काय म्हणालात?"

सासऱ्यांनी हात झटकला. "काही नाही," असं त्यांच्या ओठांवरून मला वाचता आलं.

बायकोनं गिरणीचा खटका खाली ओढला. पट्टा हळूहळू थांबला. तिनं दोन्ही कानांवरची झाकणं काढून गळ्यात अडकवली, खुंटीवरची पिशवी आणून त्यांच्या गळ्यात घातली, हेडफोन डोक्यावर नीट बसवले आणि समोर उकिडवी बसली.

"पुन्हा म्हणा," ती म्हणाली.

"चहा झालाय का बघ, म्हणत होतो," सासरे म्हणाले.